चर्चामंचाची उभारणी : सॉफ्टवेअर आणि होस्टिंगविषयीचे गैरसमज

ज्या संकेतस्थळावर सदस्य एखाद्या विषयावर लेखी मते मांडतात, त्या मतांचे धागे होतात आणि ते धागे वर्षानुवर्षे शोधता व वाचता येतात, त्याला चर्चामंच किंवा फोरम म्हणतात. मराठीत ही परंपरा चांगली जुनी आहे. १६ सप्टेंबर १९९६ रोजी, गणेशचतुर्थीच्या दिवशी, अमेरिकेतून सुरू झालेली ‘मायबोली’ आणि तिच्यानंतर आलेली ‘मनोगत’, ‘मिसळपाव’, ‘ऐसी अक्षरे’ यांसारखी संस्थळे यांवर मराठी भाषकांनी पाककृतींपासून व्याकरणापर्यंत आणि गडकोटांपासून परदेशातील नोकरीच्या अडचणींपर्यंत जे लिहून ठेवले आहे, त्यातील पुष्कळसे छापील मराठीत सापडणार नाही. नवा मंच उभारू पाहणाऱ्यांचे लक्ष मात्र बहुधा मांडणी, रंगसंगती आणि सुविधांची यादी यांवर खिळते, आणि सॉफ्टवेअर कोणते घ्यावे व ते कोठे ठेवावे हे निर्णय रूढ समजुतींच्या आधारे उरकले जातात. या समजुतींपैकी बहुतेकींच्या मुळाशी एकच उणीव आहे: सदस्यांच्या लेखनाचा ताबा शेवटी कोणाकडे राहणार, हा प्रश्न विचारलाच जात नाही.

समाजमाध्यमावर फुकट गट काढता येत असताना स्वतंत्र मंचाचा खटाटोप कशाला, ही या समजुतींतील सर्वांत मोहक समजूत होय. गट काढायला पाच मिनिटे लागतात हे खरे. परंतु त्या गटातील लेखन कंपनीच्या यंत्रांवर, कंपनीच्या अटींवर आणि कंपनीची इच्छा असेपर्यंतच राहते. भारतात एके काळी घरोघरी पोहोचलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, गूगल प्लसची सर्वसामान्यांसाठीची सेवा २ एप्रिल २०१९ रोजी संपली, आणि याहू ग्रुप्सने तर आधी डिसेंबर २०१९ मध्ये गटांवरील जुना मजकूर काढून टाकला व १५ डिसेंबर २०२० रोजी सेवाच गुंडाळली. या प्रत्येक वेळी सदस्यांना पूर्वसूचना मिळाली होती, तरीही ज्या गटांचे चालक तोवर निष्क्रिय झाले होते त्यांचे लेखन वाचवायला कोणी उरले नव्हते. शिवाय बंदिस्त गटांतील मजकूर शोधयंत्रांना दिसत नाही, त्यामुळे तेथे दिलेले उत्तम उत्तर गटाबाहेरच्या वाचकाच्या उपयोगी पडत नाही.

स्वतंत्र मंच काढायचे ठरल्यावर ‘मुक्तस्रोत म्हणजे फुकट, आणि फुकट म्हणजे दुय्यम’ हा समज आडवा येतो. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हणजे ज्याचा मूळ संगणकीय मजकूर कोणालाही पाहता, बदलता आणि परवान्याच्या अटी पाळून पुन्हा वाटता येतो असे सॉफ्टवेअर. २००० साली आलेले पीएचपीबीबी, २०१३ मध्ये जेफ अॅटवुड, रॉबिन वॉर्ड आणि सॅम सॅफ्रन यांनी पुढे आणलेले डिस्कोर्स, नोडबीबी आणि फ्लॅरम ही सर्व मुक्तस्रोत आहेत. यांतील पहिली तीन जीपीएल परवान्याखाली येतात. तो परवाना, बदललेले सॉफ्टवेअर वाटणाऱ्यावर तेच स्वातंत्र्य पुढच्यालाही देण्याचे बंधन घालतो. फ्लॅरमचा एमआयटी परवाना असे बंधन घालत नाही. मायबोली आणि मिसळपाव यांनी वापरलेले द्रुपल हे केवळ चर्चेसाठी बनलेले नसले, तरी तेही मुक्तस्रोतच आहे. परवान्याचे पैसे न लागणे हा यातला किरकोळ लाभ होय. मूळ कंपनी विकली गेली किंवा तिचे धोरण बदलले तरी ते सॉफ्टवेअर चालू ठेवण्याचा हक्क मंचाकडे राहतो, हा खरा लाभ. व्हीबुलेटिन या एके काळच्या अग्रगण्य विकाऊ सॉफ्टवेअरची कंपनी २००७ मध्ये दुसऱ्या कंपनीने विकत घेतली, त्यानंतर तिचे प्रमुख निर्माते बाहेर पडले, त्यांनी २०१० मध्ये झेनफोरो हे नवे विकाऊ सॉफ्टवेअर आणले आणि दोन्ही पक्षांत न्यायालयीन वाद चालला. त्या काळात असंख्य मंचचालकांना कोणाबरोबर राहावे हे ठरवणे कठीण झाले. झेनफोरो वाईट आहे असा याचा अर्थ नाही. ते उत्तम आहे, आणि ज्या मंचाकडे नियमित उत्पन्न आहे त्याने ते अवश्य विचारात घ्यावे.

मुक्तस्रोताच्या बाजूनेही एक भाबडेपणा रूढ आहे, तो असा की असे सॉफ्टवेअर एकदा बसवले की काम संपते. द्रुपलची ७वी आवृत्ती जानेवारी २०११ मध्ये आली आणि ५ जानेवारी २०२५ रोजी तिचा अधिकृत आधार संपला. म्हणजे त्यानंतर सापडणारे सुरक्षादोष दुरुस्त करण्याची जबाबदारी मूळ प्रकल्पाकडे राहिली नाही. चौदा वर्षे हा मोठा काळ असला तरी चर्चामंचाच्या आयुष्यात तो येतो आणि सरतो. फुकट सॉफ्टवेअरची किंमत देखभालीच्या तासांत मोजावी लागते, आणि ते तास कोण देणार हे आरंभीच ठरलेले नसेल तर नंतर ते बहुधा कोणीच देत नाही.

येथेच सुरक्षिततेचा प्रश्न येतो. ‘नावाजलेले सॉफ्टवेअर घेतले की मंच सुरक्षित’ ही समजूत इतिहासाने वारंवार खोटी ठरवली आहे. डिसेंबर २००४ मध्ये सँटी नावाच्या घातक प्रोग्रॅमने गूगलच्या शोधातून पीएचपीबीबीवर चालणारे मंच हुडकून काढले आणि हजारो मंचांची पाने विद्रूप केली. ज्या दोषाचा त्याने फायदा घेतला त्याची दुरुस्ती काही आठवडे आधीच प्रसिद्ध झालेली होती. ती बसवलेली नव्हती, एवढेच. उबुंटू या संगणकप्रणालीच्या अधिकृत मंचावर २०१३ मध्ये हल्ला होऊन सुमारे १८ लाख सदस्यांची माहिती चोरीस गेली, आणि २०१६ मध्ये तोच मंच पुन्हा फोडला गेला, तेव्हा सुमारे २० लाख सदस्यांची नावे व ईमेल पत्ते बाहेर पडले. दुसऱ्या वेळी वाट मूळ सॉफ्टवेअरमधून गेली नव्हती, ती एका जोडसॉफ्टवेअरमधल्या, म्हणजे प्लगइनमधल्या, आधीच ज्ञात असलेल्या दोषातून गेली होती. त्या खेपेस मंचावर सदस्यांचे खरे पासवर्ड साठवलेलेच नसल्याने हानी मर्यादित राहिली. या घटनांवरून निवडीचा जो निकष निघतो तो सरळ आहे: दुरुस्त्या किती नियमितपणे येतात, त्या बसवणे किती सोपे आहे आणि मंच किती कमी प्लगइनवर चालू शकतो, हे आधी पाहावे; सुविधांची लांबलचक यादी त्यानंतर पाहावी.

होस्टिंग म्हणजे मंचाचे सॉफ्टवेअर आणि साठा ज्या यंत्रावर राहतो त्या यंत्रावरची भाड्याची जागा. स्वस्त शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच यंत्रावर शेकडो ग्राहक असतात, आणि जाहिरातीतील ‘अमर्याद’ हा शब्द बहुधा केवळ साठवणुकीच्या जागेला उद्देशून असतो. फायलींची संख्या, प्रक्रियकाचा वेळ आणि स्मृती यांवरील मर्यादा करारातील बारीक अक्षरांत असतात. पीएचपीबीबी किंवा फ्लॅरम अशा जागेवर चालू शकतात. डिस्कोर्स चालत नाही, कारण त्याची अधिकृत मांडणी डॉकर या साधनावर बेतलेली असून तिला किमान १ जीबी आणि सुखाने चालण्यासाठी २ जीबी स्मृती लागते. त्यासाठी व्हीपीएस, म्हणजे एका मोठ्या यंत्राचा स्वतंत्रपणे वाटून दिलेला भाग, घ्यावा लागतो. याच्या उलट टोकाला पहिल्या दिवसापासून मोठा सर्व्हर हवा हा समज आहे. काहीशे सदस्यांच्या लेखी चर्चेला फारच थोडी शक्ती पुरते, आणि व्हीपीएस पुढे वाढवता येतो.

सर्व्हरच्या आकारापेक्षा नव्या मंचाला ईमेल अधिक वेळा अडवते. नोंदणीची खातरजमा आणि विसरलेला पासवर्ड यांसाठी मंचाला ईमेल पाठवावीच लागते, परंतु अनेक क्लाउड कंपन्या ईमेलसाठी ठरलेले २५ क्रमांकाचे पोर्ट सुरुवातीला बंद ठेवतात. त्यातच फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एका नोंदीची अपेक्षा करते. ही ईमेल खरोखर त्याच डोमेनकडून आली आहे हे सिद्ध करण्याच्या या दोन पद्धती आहेत. ही व्यवस्था नसेल तर नोंदणी केलेल्या सदस्यापर्यंत दुवाच पोहोचत नाही आणि तो परत येत नाही.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज बॅकअपविषयीचा आहे: होस्टिंग कंपनी प्रत ठेवते, तेव्हा चिंता नको. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, त्यातील एक इमारत संपूर्ण नष्ट झाली आणि लाखो संकेतस्थळे बंद पडली. ज्या ग्राहकांच्या प्रती त्याच आवारात होत्या त्यांपैकी अनेकांच्या मूळ माहितीबरोबर प्रतीही गेल्या. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका कर्मचाऱ्याकडून चालू डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा बॅकअपच्या अनेक व्यवस्थांपैकी बहुतेक प्रत्यक्षात चालतच नव्हत्या असे उघड झाले, आणि सुमारे सहा तासांचे काम कायमचे गमावले गेले. कंपनीने हे सारे स्वतःहून प्रसिद्ध केले, ही कौतुकाची गोष्ट आहे. म्हणून माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर आणि त्यांतील एक वेगळ्या ठिकाणी, हा जुना नियम छोट्या मंचालाही तितकाच लागू आहे. ज्या बॅकअपमधून मंच पुन्हा उभा करून पाहिलेला नाही, त्याच्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

मराठी मंचाच्या बाबतीत ‘युनिकोड आले, आता देवनागरीची अडचण नाही’ असे गृहीत धरले जाते, ते अर्धेच खरे आहे. मायएसक्यूएल या डेटाबेसमधील जुना ‘यूटीएफ८’ प्रकार एका चिन्हासाठी तीनच बाइट देतो. देवनागरी अक्षरे त्यात मावतात, पण चार बाइटांचा इमोजी आला की मजकूर तेथेच तुटतो किंवा प्रतिसाद नाकारला जातो. त्यासाठी ‘यूटीएफ८एमबी४’ हा प्रकार मांडणीच्या वेळीच निवडावा लागतो. शोधाची अडचण याहून खोल आहे. मराठीत विभक्ती लागताना शब्दाचे मूळ रूपच बदलते, त्यामुळे ‘पाणी’ शोधणाऱ्याला ‘पाण्यात’ असलेला धागा आणि ‘पाऊस’ शोधणाऱ्याला ‘पावसात’ असलेला धागा साध्या अक्षरजुळणीने मिळत नाही. शब्दमूळ ओळखण्याचे नियमसंच पोस्टग्रेस या डेटाबेसबरोबर येतात. त्यांत हिंदी, तमिळ आणि नेपाळी आहेत, मराठी नाही. मराठी मंच काढणाऱ्याने म्हणूनच नमुन्याच्या धाग्यांवर शोध चालवून पाहिल्याशिवाय सॉफ्टवेअर पक्के करू नये.

सर्व्हर परदेशात ठेवला की भारतीय कायदा लागत नाही, हा समजही निराधार आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० भारताबाहेर केलेल्या अपराधांनाही लागू होतो, जर त्यात भारतातील संगणकाचा संबंध असेल. इतरांचे लेखन प्रसिद्ध करणाऱ्या मंचाला, म्हणजे कायद्याच्या भाषेत ‘मध्यस्था’ला, कलम ७९ खाली संरक्षण मिळते, परंतु ते सशर्त असून, २०२१च्या नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क मंचावर ठळकपणे देणे हे त्या शर्तींपैकी एक आहे.

‘आत्ता काहीतरी सुरू करू, पुढे सॉफ्टवेअर बदलता येईल’ हा दिलासा वरवर व्यवहारी वाटतो. स्थलांतर शक्य असते, पण प्रत्येक मंचाचे पासवर्ड वेगळ्या पद्धतीने गूढ केलेले असतात, मजकुराच्या खुणा वेगळ्या असतात आणि जुन्या धाग्यांचे पत्ते बदलले की इतरत्र दिलेले सारे दुवे तुटतात. डोमेन, म्हणजे मंचाचा पत्ता, होस्टिंग कंपनीच्या किंवा एखाद्या उत्साही स्वयंसेवकाच्या नावावर असेल तर स्थलांतराचा प्रश्न उद्भवण्यापूर्वीच तो सुटण्यापलीकडे गेलेला असतो. ज्यांना नवा मंच सुरू करायचा आहे त्यांनी डोमेन संस्थेच्या किंवा चालकमंडळाच्या नावावर घ्यावे, आणि सदस्यांना बोलावण्यापूर्वी चाचणीचे काही धागे, चित्रे व सदस्यनावे यांसह संपूर्ण साठा बाहेर काढून दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर उभा करून पाहावा. जे सॉफ्टवेअर किंवा होस्टिंग या परीक्षेत उतरत नाही, ते कितीही देखणे वा स्वस्त असले तरी निवडू नये.