साखळी घेताना काय पाहाल?

सायकलला टू-स्ट्रोक इंजिन बसवण्याच्या किटमध्ये बहुधा ४१५ क्रमांकाची साखळी येते. तिच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी, आणि आतली रुंदी ३/१६ इंच. साध्या सायकलच्या साखळीचं अंतरही तेवढंच, पण रुंदी जेमतेम १/८ इंच. त्यामुळे ‘चालून जाईल’ म्हणत ती इंजिनाला लावू नका. ४२० ची मोपेडवाली साखळी दणकट खरी; मात्र ती पाव इंच रुंद असल्याने ४१५ च्या स्प्रॉकेटवर आडवी डुलते.

पुढचं स्प्रॉकेट अवघं दहा दात्यांचं असतं. प्रत्येक कडी तिथे करकचून वळते आणि झीज तिथेच होते. म्हणून विकत घेताना चकाकी नव्हे, पिनांचा पक्केपणा बघा. साखळी आडवी धरून वाकवली आणि ती कमानीसारखी लोंबली, तर दुकानदाराला परत द्या.

चेन लॉकच्या क्लिपचं बंद टोक साखळी धावते त्या दिशेला हवं. नव्या साखळीच्या २४ कड्या ३०४.८ मिमी भरतात. माप ३०७ च्या पुढे गेलं, की साखळी बदला. दाते झिजले असतील, तर स्प्रॉकेटही सोबतच बदला.