'भोळेभाबडे' लोकांचा बांबू

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्याकडच्या जंगलपट्ट्यातल्या गोंडांविषयी लिहायचं म्हटलं की 'भोळेभाबडे' लावल्याशिवाय वर्तमानपत्री मराठीला चैन पडत नाही. शब्द मायेचा वाटतो. पण भोळ्याच्या मालाचा हिशेब दुसऱ्याने ठेवायचा, हे त्यात धरलेलंच असतं.

ही रीत इंग्रजांची. 1878 च्या वन कायद्याने जंगलं राखीव झाली आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट 'सवलत' होऊन बसली. पुढे साहेब बदलले, अर्जातलं 'मायबाप' तेवढं टिकलं. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला बांबू कराराने मिळे; टोपली विणणाऱ्या बुरडाला तो मागावा लागे.

2006 च्या वनहक्क कायद्याने जंगलवासीयांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचं उद्देशिकेतच कबूल केलं आणि बांबूला गौण वनोपज ठरवलं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी तोडलेला बांबू गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागे, आणि वनखातं तो देईना. बांबू झाड की गवत, यावर भरपूर शाई खर्ची पडली. (वनस्पतिशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याने एका शब्दात उत्तर दिलं असतं.) अखेर एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्यात आले, तेव्हा कुठे परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. मेंढ्याचे पुढारी देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांना कायदा समजावून सांगायची गरज कधीच नव्हती. तो सरकारी कचेरीला समजावण्यात त्यांची वर्षं गेली.

कायद्याच्या नावात 'हक्कांची मान्यता' आहे. कार्यक्रमाच्या फलकावर मात्र अजूनही 'पट्टे वाटप' असतं. वाटप ब्लँकेटचं होतं. जे मुळात त्यांचंच, ते वाटणार कसं?

पोंभुर्ण्याच्या शेजारच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला 2012 मध्ये सुमारे हजार हेक्टरांवर हक्क मिळाला. ग्रामसभेने जंगलाचे नियम स्वतः केले, बांबू स्वतः विकायला घेतला. मग तिने तेंदूपत्ता तोडणं बंद केलं. या भागात पत्त्याचा हंगाम म्हणजे उन्हाळ्यातला रोख पैसा, त्यामुळे निर्णय सोपा नव्हता. पण पत्त्यासाठी फांद्या छाटल्या जातात, नवी पालवी यावी म्हणून जंगलाला आगी लावल्या जातात, हे गावाने पाहिलेलं होतं. शिवाय झाडं शाबूत राहिली तर तेंदूची फळं, म्हणजे टेंभरं, पिकतात, ती पाखरांनाही मिळतात आणि माणसांनाही.