निर्णयसागर मुद्राक्षरे

देवनागरी लिपीतील ठसठशीत, जाड-बारीक रेषांची धातूची मुद्राक्षरे (खिळे). जावजी दादाजी चौधरी (१८३९–९२) यांनी मुंबईत प्रथम खिळ्यांची ओतशाळा व १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. अक्षरे राणोजी रावजी आरू यांनी कोरली. पोलादी पंच तांब्यात ठोकून मातृका तयार करीत आणि तीत शिसे, अँटिमनी व कथील यांचा रस ओतून खिळे पाडीत. जोडाक्षरांचे विपुल खिळे असल्याने ‘काव्यमाला’सारख्या मालेतील संस्कृत ग्रंथ सुवाच्य व शुद्ध छापता आले.

यांत्रिक जुळणीत खिळ्यांची संख्या मर्यादित ठेवावी लागे. त्यामुळे जोडाक्षरे तोडून छापण्याकडे कल वाढला. पुढे प्रकाशजुळणीमुळे धातूचे खिळेच मागे पडले. संगणकावर संख्येची ही अडचण उरली नाही. ‘मूर्ती क्लासिकल लायब्ररी ऑफ इंडिया’ (२०१५ पासून) या ग्रंथमालेच्या निमित्ताने निर्णयसागरी वळणावर आधारलेली संगणकीय अक्षरे तयार झाली. ‘टिरो देवनागरी’ या नावाने ती संस्कृत, हिंदी व मराठी अशा तीन रूपांत उपलब्ध आहेत. मूळचा ठसठशीतपणा राखून आजच्या मुद्रणास अनुरूप असे फेरफार त्यांत केलेले आहेत.