एक टनाचा एसी किती जड?

"बाई, आमच्या नव्या घरात एक टनाचा एसी बसवणार आहेत. भिंत पडणार नाही ना?"

चौथीतल्या एका मुलानं असं विचारलं आणि सगळा वर्ग खो खो हसला. पण मुलांनो, प्रश्न हसण्यासारखा मुळीच नाही. एक टन म्हणजे 1000 किलो, हे आपण वजनमापांच्या धड्यात घोकतो. मग दुकानातली दोन माणसं एक टनाचा एसी जिन्यानं वर कसा नेतात?

गंमत अशी की, हा टन यंत्राच्या वजनाचा नाहीच. तो आहे बर्फाचा! यंत्रं निघण्याआधी गारवा हवा असेल तर बर्फच आणावा लागे. 1830 नंतरच्या काळात अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांतला बर्फ लाकडाच्या भुशात गुंडाळून जहाजानं थेट कलकत्त्याला आणि मुंबईला येत असे. पुढं यंत्रं आली, तेव्हा लोक साहजिकच विचारू लागले, "हे यंत्र दिवसाला किती बर्फाचं काम करतं?" एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे 907 किलो बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल, तेवढी उष्णता खोलीबाहेर काढणारा तो एक टनाचा एसी. भागाकार करून बघा, तासाला जवळजवळ 38 किलो बर्फ झाला. 1934 साली मुंबई ते पेशावर धावणाऱ्या फ्रंटियर मेलला जो थंडगार डबा जोडला, त्यात तर खरोखरच बर्फाच्या लाद्या ठेवत असत.

एसीचा जन्म मात्र माणसांसाठी झाला नाही, कागदासाठी झाला. 1902 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा आणि रंगावर रंग नीट बसायचा नाही. विलिस कॅरियर नावाच्या तरुण इंजिनियरानं हवेतला दमटपणा काढून टाकणारी योजना आखली. म्हणजे एसी दोन कामं करतो, हवा गार करतो आणि कोरडीही करतो.

आणि इथंच आपल्या वडूजचा प्रश्न सुरू होतो. आपला खटाव तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. एकाच सातारा जिल्ह्यात तिकडं महाबळेश्वर पावसानं भिजून जातं आणि इकडं येरळेचं पात्र उन्हाळ्यात कोरडं पडतं. एप्रिल-मेमध्ये आपली हवा मुळातच इतकी कोरडी असते की ओली चादर बघता बघता वाळते. अशा हवेत कूलर फार छान चालतो. माठातलं पाणी गार होतं तेच तत्त्व. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता घेतं. मुंबईच्या दमट हवेत पाणी लवकर उडतच नाही, म्हणून तिथं कूलर लावून माणूस उलट घामाघूम होतो.

मग कूलरच घ्यावा की! किंमत कमी, वीजही अगदी थोडी. पण थांबा, कूलर वीज कमी खात असला तरी पाणी पितो. एक टनाच्या एसीएवढी उष्णता शोषायला तासाला पाच लिटरच्या आसपास पाणी उडावं लागतं. रात्रीचे आठ तास धरले तर चाळीस लिटर, म्हणजे जवळजवळ तीन हंडे! ज्या वाडीवस्तीवर टँकरची वाट बघावी लागते, तिथल्या आईला विचारा तीन हंडे म्हणजे काय ते. शिवाय कूलरची टाकी आठवड्याला रिकामी करून घासली नाही तर डेंग्यूचे डास होणार. ओल्या हातानं तर कूलरला कधीच शिवू नका, आणि घरात आर्थिंग नीट आहे ना ते वायरमनकडून बघून घ्यायला सांगा. एवढं मात्र खरं की लाईट गेली तर घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर छोटा कूलर चालू शकतो, एसी नाही.

खरं तर आधी विचारायला हवं की नव्या घरात इतकं उकडतं का? माणदेशातली जुनी धाब्याची घरं तुमच्यापैकी काहींनी पाहिली असतील. हातभर जाडीच्या भिंती, वर लाकडावर मातीचा जाड थर. दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची. सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री सगळी ऊब खाली सोडतो. म्हणून बाबांना म्हणावं, एसीचे पैसे मोजण्याआधी गच्चीला पांढरा रंग द्या, पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा काढा, जमलं तर तिकडं एक लिंब लावा. एवढं केलं की कदाचित दीड टनाच्या जागी एक टन पुरेल. दहा बाय बाराच्या खोलीला दुकानदार साधारण एक टन सांगतात, पण डोक्यावर उघडा स्लॅब असेल तर दीड सुचवतात.

आता ताऱ्यांकडे वळू. एसीवर जी चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्यावर एक ते पाच तारे असतात. ही पद्धत केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोनं 2006 मध्ये सुरू केली. जास्त तारे म्हणजे कमी वीज. पण तारे मोजून थांबू नका. खाली वर्षाचे युनिट छापलेले असतात, ते वाचा. ते वर्षाला 1600 तास एसी चालेल असं धरून काढलेले असतात. आपल्याकडं एसी लागणार मार्चअखेर ते जूनच्या सुरुवातीपर्यंत. समजा 75 रात्री, रोज आठ तास, म्हणजे 600 तास. आता समजा, तीन तारेवाल्यावर 1000 युनिट लिहिलेत आणि पाच तारेवाल्यावर 800. फरक 200 चा दिसतो, पण आपल्या घरात तो 75 युनिटच पडेल. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला 750 रुपये वाचतील. पाच तारेवाला सहा हजारांनी महाग असेल तर ते पैसे भरून निघायला आठ वर्षं लागतील! मुंबईत हाच हिशेब अगदी वेगळा येईल.

बिलाचीही एक मेख आहे. महावितरणचा घरगुती दर पहिल्या 100 युनिटांना कमी आणि 101 व्या युनिटापासून चढा असतो. एसी रात्रीला 6 युनिट खातो असं धरलं तरी महिन्याचे 180 झाले. म्हणजे ज्या घराचं बिल एरवी 90 युनिटांत बसतं, त्यांचे एसीचे जवळजवळ सगळे युनिट चढ्या दरानं येणार. म्हणून एसी 18 वर लावून गोधडी घेऊन झोपणाऱ्यांचं मला नवल वाटतं. 24 वर ठेवून पंखा हळू लावला तरी गार वाटतं. 2020 पासून नवे एसी सुरू करताना आपोआप 24 वरच येतात.

एसी एकच घ्यायचा असेल तर तो कुणाच्या खोलीत बसवायचा, यावर घरोघरी खल होतो. बहुतेक ठिकाणी तो पाहुणे बसतात त्या हॉलमध्ये जातो. मला विचाराल तर आजी-आजोबा किंवा तान्हं बाळ जिथं झोपतं, ती खोली पहिली. म्हाताऱ्या माणसांच्या आणि बाळांच्या शरीराला उष्णता लवकर बाधते, आणि ती तक्रारही उशिरा करतात.

एसी बसवलाच, तर त्याच्या नळीतून थेंब थेंब पडणाऱ्या पाण्याखाली बादली ठेवा. ते प्यायचं नाही बरं का! पण फरशी पुसायला आणि तुळशीला चालतं. आपल्या कोरड्या हवेत ते मुंबईएवढं भरपूर पडणार नाही. किती पडलं ते रोज सकाळी मापानं मोजून वहीत लिहा, आणि पहिला वळीव झाला की त्या रात्रीचा आकडा आदल्या रात्रीच्या शेजारी मांडून बघा.