रक्षकच जेव्हां घर जाळतात

पारोळ्याच्या भुईकोट किल्ल्याचा खंदक पाहिला म्हणजे वाटतें कीं, भय तें बाहेरच्या शत्रूचेंच. रोगाविषयींहि आपली समजूत अशीच असते: विषाणु घातकी, आणि शरीराची प्रतिकारशक्ति जितकी प्रखर तितकें बरें. फुप्फुसांच्या साथींनीं मात्र ही समजूत अर्धीच खरी ठरविली आहे.

१९१८ सालच्या इन्फ्लुएंझानें मुंबई इलाख्यांत दहा लाखांच्या आसपास माणसें नेलीं. पारोळा हें गांव त्या वेळीं याच इलाख्याच्या पूर्व खानदेश जिल्ह्यांत होतें. एरवीं अशा तापांत तान्हीं मुलें व वृद्ध दगावतात. या साथींत मात्र वीस ते चाळीस वयाचीं, घरचा भार वाहणारीं धडधाकट माणसें मोठ्या संख्येनें गेलीं. मागाहून जडलेला जंतुजन्य न्यूमोनिया हें त्याचें एक मोठें कारण होतेंच. परंतु तरुण शरीराचा अतिरेकी प्रतिकारहि त्यास साह्य झाला असावा, असें पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात.

प्रतिकारानें अपाय व्हावा कसा? फुप्फुसांत कोट्यवधि वायुकोश असतात. त्यांचा पडदा इतका पातळ कीं, प्राणवायु त्यांतून सहज रक्तांत उतरतो. विषाणु त्या पडद्याच्या पेशींत शिरला म्हणजे त्या पेशी सायटोकाइन नांवाचीं द्रव्यें सोडून जणूं धोक्याची दवंडी पिटतात. पांढऱ्या पेशी रक्तांतून धांवून येतात व दाहक द्रव्यें सोडतात. पण तीं द्रव्यें आप-पर भाव जाणत नाहींत. दवंडी वेळींच थांबली तर रोगी बरा होतो. न थांबल्यास केशवाहिन्या पाझरूं लागून वायुकोश द्रवानें भरतात, आणि विषाणु ओसरत असतांनाहि श्वास अपुरा पडतो.

२०२० च्या उन्हाळ्यांत, कोविडच्या साथींत, जळगांव जिल्ह्यांतील मृत्यूंचें प्रमाण राज्यभर चिंतेचा विषय झालें होतें. त्याच वर्षीं जूनमध्यें इंग्लंडांतील ‘रिकव्हरी’ चाचणीचा निष्कर्ष आला. डेक्सामेथासोन या जुन्या व स्वस्त स्टेरॉइडनें, म्हणजे प्रतिकार मंदावणाऱ्या औषधानें, श्वासयंत्रावरील रोग्यांचे मृत्यु सुमारें एक तृतीयांशानें, व केवळ प्राणवायु लागणाऱ्यांचे सुमारें एक पंचमांशानें घटले. प्राणवायूची गरज नसलेल्यांना मात्र लाभ झाला नाहीं. उलट अपायाचीच शंका राहिली. पुढें २०२१ मध्यें महाराष्ट्रांत म्युकरमायकोसिस ही बुरशी पुष्कळांना जडली. त्यांत मधुमेही व स्टेरॉइड घेतलेले रोगी फार होते.

यास्तव गृहिणींस व घरच्या वडीलधाऱ्यांस आमची विनंति इतकीच कीं, मागच्या दुखण्यांतून उरलेली स्टेरॉइडची गोळी, ‘तेव्हां गुण आला होता’ म्हणून, दुसऱ्याच्या पहिल्या दिवसांच्या तापावर देऊं नये. त्या दिवसांत शरीरास आपल्या शिपायांची गरज असते. ताप उतरला म्हणूनहि निर्धास्त राहूं नये. आठवड्याच्या सुमारास धाप लागली, किंवा बोटाला लावावयाच्या यंत्रांत प्राणवायूचा अंक ९४ च्या खालीं गेला, तर रात्र उजाडण्याची वाट न पाहतां रोग्यास रुग्णालयांत न्यावें.