वाळवंटातली पाणपोई

वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ओसाड वाळू येते. अमेरिकेतल्या ॲरिझोनाचं सोनोरन वाळवंट मात्र एप्रिलअखेरीस पाखरांनी गजबजलेलं असतं. टूसॉनजवळ आमच्या वाटाड्यानं तीन पुरुष उंचीचा सग्वारो निवडुंग दाखवला. त्यात गिला सुतारपक्ष्यानं कोरलेली जुनी ढोली होती. तिन्हीसांजेला तिच्यातून चिमणीएवढं घुबड डोकावलं! हे एल्फ घुबड, जगातल्या सर्वांत चिमुकल्या घुबडांपैकी एक. वसंतात ते मेक्सिकोहून येतं आणि सुतारानं सोडलेल्या घरात बिनभाड्यानं राहतं.

दुसऱ्या दिवशी माउंट लेमनचा घाट चढलो. तासाभरात निवडुंग मागे पडले, ओक लागले आणि ९ हजार फुटांच्या शिखराकडे पाइनच्या गारव्यात, उत्तरेला निघालेले पिवळे-काळे टाउनसेंड वॉर्बलर किडे टिपताना दिसले.

रात्ररात्र उडणारी ही पाखरं वाळवंटात विसावतात कुठं? उत्तर मिळालं सान पेद्रो नदीवर. मेक्सिकोतून उत्तरेकडे वाहणाऱ्या या नदीला आपण ओढाच म्हणू. पण तिच्या काठच्या कॉटनवूडच्या राईत लक्षावधी प्रवासी पक्षी उतरतात. १९८८ साली अमेरिकी संसदेनं हा काठ राखीव केला. तरीही आसपासच्या विहिरींचा उपसा नदीचं पाणी खालून ओढतो आहे. काठाला कुंपण घालता येतं, भूजलाला कसं घालणार?

उन्हाळ्यात गच्चीवर पाखरांसाठी पाण्याचं परळ ठेवणाऱ्यांना नदीचं मोल वेगळं सांगायला नको. सान पेद्रोचं परळ मात्र जमिनीखालून भरावं लागतं.