हार्लो पीसी-५ए

हार्लो पीसी-५ए हे अमेरिकन बनावटीचे, एका इंजिनाचे व दोन आसनी प्रशिक्षण विमान होय. त्याच्या मायदेशात ते फारसे कोणाला ठाऊक नाही. भारतीय विमानोद्योगाचा आरंभ मात्र त्यानेच झाला.

मॅक्स हार्लो हे कॅलिफोर्नियातील पॅसाडीना ज्युनियर कॉलेजात विमानविद्येचे अध्यापक होते. तेथील विद्यार्थ्यांच्या हातून त्यांनी पहिले विमान घडविले व १९३७ मध्ये ते उडाले. महाविद्यालयाच्या आद्याक्षरांवरून त्याला 'पीजेसी' हे नाव मिळाले. त्यापुढचे पीजेसी-२ हे चार आसनी, संपूर्ण धातूचे व चाके आत ओढून घेणारे होते. हलक्या विमानांत कापडी आच्छादन सर्रास असण्याच्या त्या काळात ही रचना बरीच पुढची म्हटली पाहिजे. तरीही ही विमाने फार थोडी निघाली. एकामागे एक आसने असलेली पीसी-५ ही त्याच घराण्यातील.

सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांची १९३९ मध्ये प्रवासात विल्यम पॉली या अमेरिकन विमानव्यावसायिकाशी गाठ पडली. म्हैसूर संस्थानाच्या साह्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' ही कंपनी स्थापन झाली. अमेरिकेहून आलेल्या सुट्या भागांची जुळणी करून ऑगस्ट १९४१ मध्ये तेथील पहिले हार्लो विमान उडाले. त्याला 'भारतात बनलेले पहिले विमान' म्हणण्याचा प्रघात आहे. 'जुळविलेले' हा शब्द अधिक नेमका ठरेल. १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. याच कंपनीतून पुढे १९६४ मध्ये 'हिंदुस्तान एरोनॉटिक्स' आकारास आली.